पत्र्याखालचा पिंजरा दुपारी तापतो, सशीण धापा टाकते. काय करू?

मागचं_अंगण, सकाळी ६:५०

माझ्याकडे दोन ससे आहेत. कापूस पांढरा, उभ्या कानांचा, चार वर्षांचा. मिरी काळी, लोंबत्या कानांची, सहा वर्षांची आणि अंगानं जरा जड. दोघांचं नसबंदीचं ऑपरेशन झालेलं आहे, त्यामुळे एकत्र राहतात आणि एकमेकांशिवाय खात नाहीत. घरात एकाला दमा आहे आणि सशांच्या केसांनी तो उसळतो, म्हणून या दोघांचा मुक्काम मागच्या अंगणात. लाकडी पिंजरा साडेपाच फूट लांब, चार पायांवर उभा. एका टोकाला झोपायची बंद पेटी, वरती पत्रा. पिंजऱ्याला लागून जाळी लावलेली सहा बाय आठ फुटांची मातीची जागा आहे, तिथे ते सकाळ-संध्याकाळ पळतात.

काल दुपारी पावणेतीनला पाणी बदलायला गेले तर मिरी पेटीत आडवी पडलेली. नाकपुड्या इतक्या वेगानं हलत होत्या की मोजता येईना. कान हाताला गरम लागत होते. हनुवटीखाली सगळं ओलं होतं. मला वाटलं पाणी सांडलं असेल, म्हणून फडक्यानं पुसलं. दोन मिनिटांत परत ओलं. तेव्हा कळलं की ती लाळ आहे.

उचलून बाथरूममध्ये नेलं, फरशीवर ठेवलं, ओलं फडकं कानांवर धरून बसले. अर्ध्या तासानं श्वास जरा खाली आला. रात्री कोथिंबिरीच्या दोन काड्या खाल्ल्या. आज सकाळी बसली आहे, पण गवताला तोंड लावलेलं नाही.

मी आत्तापर्यंत काय केलंय ते सांगते. पाण्याच्या बाटलीत बर्फ टाकते. पिंजऱ्यावर चारही बाजूंनी ओली चादर टाकते. समोर टेबलफॅन लावते. काल सावलीत ३८ अंश होतं आणि पत्र्याखाली थर्मामीटर टांगला तर ४४.

हे सगळं इतकं सविस्तर लिहायचं कारण सांगते. दोन उन्हाळ्यांपूर्वी माझा पहिला ससा याच पिंजऱ्यात गेला. सकाळी आठला पिंजरा पूर्ण सावलीत आहे हे डोळ्यांनी बघून मी बाहेर पडले होते. दुपारी चारला परत आले तेव्हा ऊन पेटीवर होतं आणि तो पेटीत होता. सावली सरकते हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. त्या दिवशी माझ्या डोक्यात आलं नाही, इतकंच. ते पुन्हा होऊ द्यायचं नाहीये.

मला विचारायचंय ते असं: पंख्याचा खरंच उपयोग होतो का? केस भादरून घ्यावेत का? अंगावर पाणी मारलं तर चालतं का? आणि घरात ठेवता येत नसेल तर अंगणातच त्यांना गार कसं ठेवायचं?


पहाटपाळी, सकाळी ७:१५

ताई, बाकी सगळं नंतर वाचा. आधी मिरीला डॉक्टरांकडे न्या, आजच, शक्य तितक्या लवकर. मी प्राण्यांच्या दवाखान्यात मदतनीस आहे, दर उन्हाळ्यात असे ससे टेबलावर येतात.

लाळ गळणं ही उष्माघाताची खूण आहे. सशाच्या अंगाचं तापमान साधारण ३८.५ ते ४० असतं. ते ४०.५ च्या वर गेलं की आतल्या अवयवांना इजा व्हायला लागते. श्वास खाली आला आणि ससा उठून बसला की आपल्याला हायसं वाटतं, पण आतडी नंतर बंद पडतात. तुम्ही लिहिलंय की सकाळी तिनं गवत खाल्लेलं नाही. सशाचं पोट सतत चालतं असावं लागतं. दहा-बारा तास खाणं नाही आणि लेंड्या नाहीत, तर थांबायला वेळ नसतो. रात्रीपासून किती लेंड्या पडल्या ते बघा आणि डॉक्टरांना तो आकडा सांगा.

नेताना कापसालाही सोबत घ्या. एकत्र राहणारे ससे वेगळे केले की दोघंही घाबरतात, आणि आजारी ससा जोडीदार शेजारी असला की लवकर खायला लागतो. गाडीनं जाणार असाल तर गाडी आधी गार करा, मग त्यांना आत ठेवा. तोंडात चमच्यानं किंवा सिरिंजनं पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. समोर वाडगं ठेवा, प्यायची असेल तर पिईल.

काल तुम्ही कानांवर ओलं फडकं धरलंत ते अगदी बरोबर होतं. सशाला घाम येऊन गार होता येत नाही, कुत्र्यासारखं जीभ काढून धापणंही त्याला जमत नाही. तो नाकानंच श्वास घेतो. तोंड उघडून श्वास घेणारा ससा दिसला तर तो शेवटच्या टोकाला आला आहे असं समजायचं. अंगातली उष्णता बाहेर टाकायला त्याच्याकडे मुख्यतः कानच असतात. कानांतल्या रक्तवाहिन्या फुगतात, रक्त तिथे येऊन गार होतं आणि परत अंगात जातं. म्हणून पाणी गार हवं, पण बर्फाचं नको. बर्फगार पाण्यानं त्याच रक्तवाहिन्या आवळतात आणि उष्णता आत कोंडते. बादलीत बुडवणं तर कधीच नाही, त्या धक्क्यानंच ससा जाऊ शकतो.

निघा आता.


मागचं_अंगण, सकाळी ७:२२

निघाले. रात्रीपासून फक्त सात लेंड्या, त्याही बारीक.


अकरा_वर्षं_ससे, सकाळी १०:०५

मिरी बरी असो. तुम्ही परत येऊन वाचाल तेव्हासाठी लिहून ठेवतो.

तुमच्या लिखाणातली एक गोष्ट मला टोचली. तुमचा पहिला ससा पेटीत गेला आणि मिरीही पेटीतच सापडली. हा योगायोग नाही. सशाला बरं वाटेनासं झालं की तो अंधाऱ्या, बंद जागेत शिरतो. त्याच्या रक्तात ते बिळासाठी आहे. पाळीव सशाचा रानटी पूर्वज भर दुपारी बिळात असतो आणि पहाटे-संध्याकाळी बाहेर पडतो. दोन-तीन फूट खाली मातीला दुपार झाल्याचं फारसं कळतच नाही. आपण काय करतो, तर त्याला बिळासारखा अंधार देतो, पण ती पेटी ठेवतो पायांवर, हवेत, पत्र्याखाली. बिचारा गारव्याच्या आशेनं पिंजऱ्यातल्या सगळ्यात गरम कोपऱ्यात जाऊन बसतो आणि बाहेर येत नाही. मी माझा एक ससा असाच घालवला आहे, म्हणून हे ठामपणे सांगतो.

तेव्हा पहिलं काम म्हणजे दिवसा पेटीचं तोंड बंद करा. पण लपायची दुसरी जागा तयार केल्याशिवाय नको.

ती जागा जमिनीत करा. तुमच्याकडे मातीचं अंगण आहे, हे भाग्य समजा. दिवसभर सावली राहते अशी जागा शोधा. तिथे दीड-दोन फूट खोल चर खणा. मातीच्या मोठ्या कुंड्यांचे बूड काढून त्या आडव्या एकापुढे एक ठेवा, किंवा मातीचा रुंद पाइप मिळाला तर उत्तमच. तोंड किमान बारा इंच हवं, मिरी जड आहे. दोन्ही टोकं उघडी ठेवा. एकाच दाराच्या बिळात एक ससा अडकतो आणि दुसरा दारात बसतो. वर माती टाका आणि रोज संध्याकाळी ती माती बाहेरून भिजवा. आत पाणी जाऊ द्यायचं नाही. कच्च्या भाजणीच्या कुंडीतून ओल झिरपते, वाळताना उष्णता ओढून घेते आणि आत गारवा राहतो. मोकळ्या जागेच्या कडेनं जाळी जमिनीत दीड फूट पुरा, नाहीतर ते स्वतःच बोगदा काढून शेजाऱ्यांकडे निघतील.

आता पत्रा. सावलीत ३८ आणि पत्र्याखाली ४४, म्हणजे गरम फक्त हवा नाही, वरून पत्राच तव्यासारखी आच टाकतोय. नुसता रंग बदलून थोडा फरक पडतो, पांढरा चुना मारा. पण खरा फरक पडतो दुसऱ्या छपरानं. पत्र्याच्या वर एक वीत अंतर सोडून फळ्यांचं किंवा प्लायचं दुसरं छप्पर घाला, चारही बाजू मोकळ्या ठेवा. ऊन वरचं छप्पर झेलतं, मधली गरम हवा वाऱ्यानं निघून जाते. मी चार विटांवर जुनं दार आडवं ठेवलं होतं. अकरा वर्षांत सशांसाठी जे जे केलं त्यात सगळ्यात कमी कष्टाचं आणि सगळ्यात उपयोगाचं काम तेच.

ओली चादर चारही बाजूंनी टाकू नका. त्यानं वारा अडतो, आतली हवा कोंदट आणि दमट होते. काल तुमच्या पिंजऱ्यात हेही झालं असणार. वारा येतो त्या एकाच बाजूला ओलं गोणपाट लावा, समोरची बाजू पूर्ण उघडी.

पंख्याबद्दल. आपल्याला पंखा गार वाटतो कारण आपला घाम वाळतो. सशाला घामच नाही आणि अंगावर दाट केस आहेत, तर कोरड्या सशावर वारा मारून फारसं काही होत नाही. पंखा सशावर रोखू नका, ओल्या गोणपाटाच्या मागे ठेवा, म्हणजे गार झालेली हवा आत ढकलली जाईल. वायर मात्र त्यांच्या दातांपासून दूर, जाळीच्या पूर्ण बाहेर. सशाला वायर दिसली की तो कुरतडणारच.

बाटलीतलं पाणी बंद करून जड वाडगी ठेवा, दोन ठिकाणी. ससा वाडग्यातून जास्त पितो, बाटलीच्या नळीतून थेंब थेंब ओढावं लागतं आणि उन्हात बाटलीतलं पाणी कोमट होतं. दोन किलोच्या सशाला दिवसाला १०० ते ३०० मिलि पाणी लागतं, उन्हाळ्यात त्याहून जास्त. मी सकाळी मापानं ओततो आणि संध्याकाळी उरलेलं मापतो. एखाद्या दिवशी कमी प्यायले तर लगेच कळतं. पालेभाजी धुऊन, पाणी न झटकता तशीच द्या. तेवढंच पाणी पोटात जातं. गवत मात्र कमी करू नका.

लिटरच्या प्लास्टिकच्या बाटल्या पाऊण भरून गोठवा (काठोकाठ भरल्या तर फुटतात), जुन्या मोज्यात घाला आणि आडव्या ठेवा. चार बाटल्या असल्या की दोन आत, दोन फ्रीजरमध्ये, अशी पाळी लावता येते. माझ्याकडे एक बाटली कडक दुपारी तीन तास टिकते. शिवाय उरलेल्या फरश्यांचे दोन-चार तुकडे सावलीत टाका. ससा बाटलीला टेकेल की फरशीवर पसरेल हे त्याला ठरवू द्या. उचलून बाटलीशेजारी नेऊन ठेवलं तर तो घाबरून उठतो, आणि पळापळीनं आणखी तापतो.

केस भादरू नका. सशाची कातडी कागदासारखी पातळ असते, यंत्रात ओढली गेली की फाटते, आणि उघड्या कातडीला ऊन लागतं. सध्या केस गळायचे दिवस असतील तर रोज विंचरा. आतला सैल केस निघाला की अंगाला हवा लागते. लांब केसांच्या जातीचं वेगळं आहे, ते अनुभवी माणसाकडून कात्रीनं कमी करून घेतात. अंगभर पाणी मारणंही नको, आतले केस लवकर वाळत नाहीत. ओल्या हातानं फक्त कान पुसा.

शेवटी सावली. तुम्ही जे सांगितलंत ते वाचून वाईट वाटलं, पण यावर एक साधा उपाय आहे. सुट्टीच्या दिवशी सकाळी ८ ते संध्याकाळी ६, दर तासाला सावलीच्या कडेवर एक खडा ठेवत जा. संध्याकाळी अंगणात खड्यांचा नकाशा तयार होतो आणि कुठली जागा खरंच दिवसभर सावलीत आहे ते नजरेला दिसतं. महिन्याभरानं परत करा, सूर्याची वाट बदललेली असते. आणि थर्मामीटर टांगू नका. जमिनीवर, सशाच्या नाकाच्या उंचीवर ठेवा. तिथे २६ दिसलं की लक्ष ठेवायचं, ३० च्या वर गेलं की हलवायची तयारी.


लांबकान, दुपारी १२:३०

वरच्या दादांचं बहुतेक पटलं, पण दोन गोष्टी जोडतो.

एक, ओलं गोणपाट कोरड्या हवेतच चालतं. माझ्याकडे हवा दमट असते, तिथे पाणी वाळतच नाही. मी दोन दिवस गोणपाट लावून बघितलं आणि ससे आणखी मरगळले. हवा चिकट वाटत असेल त्या दिवशी गोठवलेल्या बाटल्या आणि वाहती हवा यांवरच भिस्त ठेवा.

दोन, ३८ अंश हे अंगणात सांभाळायचं तापमानच नाही असं मला वाटतं, कितीही बिळं खणली तरी. दम्याची अडचण समजते. पण पूर्ण दिवस घरात ठेवायची गरज नाही. फक्त साडेबारा ते पाच, बाथरूममध्ये, दार बंद करून. केस तिथेच राहतात, संध्याकाळी पाणी मारून फरशी धुतली की झालं. ज्यांना दमा आहे त्यांनी ते धुवायचं नाही. फरशीवर अर्ध्या भागात पायपोस टाका, कारण गुळगुळीत फरशीवर सशाचे पाय घसरतात आणि तो हलायलाच घाबरतो. माझ्याकडेही लोंबत्या कानांची सशीण आहे. लोंबता कान अंगाला चिकटून राहतो, त्याला उभ्या कानाइतका वारा लागत नाही. त्यात तुमची मिरी जड आणि वयानं मोठी. तिच्यासाठी कापसापेक्षा आधी धावावं लागेल.


अकरा_वर्षं_ससे, दुपारी १:१०

लांबकान यांचं बरोबर आहे. सगळ्यात कडक तासांना घरातली गार फरशीच हवी. बीळ हे त्याआधीच्या आणि नंतरच्या वेळेसाठी, आणि तुम्ही घरी नसाल तेव्हाचा आधार म्हणून. पाऊस सुरू व्हायच्या आत मात्र चर बुजवा, पाणी भरलं तर ससे आत अडकतील.


पहाटपाळी, दुपारी २:४५

अजून एक, कारण मिरी जड आहे. जड सशाला मागची बाजू स्वतः चाटून साफ करता येत नाही. उन्हाळ्यात तिथे घाण चिकटली की माशी अंडी घालते, एका दिवसाच्या आत अळ्या बाहेर पडतात आणि त्या जिवंत मांस खातात. सकाळ-संध्याकाळ दोन वेळा उलटं धरून बघा. उलटं म्हणजे पाठीवर झोपवून नाही, मांडीवर बसवून मागचा भाग उचलून. अळी दिसली तर तसंच उचलून दवाखान्यात. आणि लघवीचा कोपरा रोज साफ करा, उकाड्यात तो वास लवकर चढतो आणि श्वासाला त्रास होतो.


मागचं_अंगण, रात्री ९:२०

मिरी घरी आहे. डॉक्टरांनी तपासलं तेव्हा तापमान ३९.२ होतं, म्हणजे ते उतरलं होतं, पण पोट जवळजवळ थांबलेलं. कातडीखालून सलाइन दिलं, दुखण्यावर आणि आतडी हलण्यासाठी औषध दिलं, आणि पातळ करून भरवायचं खाणं दिलं. डॉक्टर म्हणाले, संध्याकाळपर्यंत थांबला असतात तर अवघड होतं. पहाटपाळी, मी तुमचा निरोप वाचून उठले. एरवी मी दुपारपर्यंत वाट बघितली असती. कसे आभार मानू ते कळत नाही.

कापूस पूर्ण वेळ तिच्या अंगाला टेकून बसला होता. संध्याकाळी सातला तिनं त्याच्या तोंडातली गवताची काडी ओढून खाल्ली.


मागचं_अंगण, नऊ दिवसांनी, दुपारी ३:४०

काय काय झालं ते सांगायला आले.

रविवारी खडे ठेवले. जिथे मी दोन वर्षं पिंजरा ठेवत होते ती जागा सकाळी ८ ते ११:३० सावलीत असते आणि दीडपासून साडेचारपर्यंत भर उन्हात. दोन वर्षं मी फक्त सकाळीच बघत होते. पिंजरा आता दुसऱ्या भिंतीला आहे, तिथली सावली संध्याकाळपर्यंत हटत नाही.

चर खणायला दोन संध्याकाळ लागल्या. तीन कुंड्या आडव्या, दोन्ही टोकं उघडी, वर भिजवलेली माती. कापूस पहिल्याच रात्री आत गेला. मिरी चार दिवस दारात बसून नुसती हुंगत होती. पाचव्या दिवशी सकाळी ती दिसेना, माझ्या पोटात गोळा आला. मग बॅटरी मारली तर मधल्या कुंडीत पाय ताणून आडवी, डोळे अर्धे मिटलेले, श्वास संथ.

पाणी मी मापते आहे. वाडगी ठेवल्यापासून दोघं मिळून जवळपास ६०० मिलि पितात. बाटली होती तेव्हा ३५० सुद्धा संपत नव्हतं, आणि मला ते ठाऊकच नव्हतं.

आजचे आकडे, सगळे जमिनीवर ठेवून घेतलेले, दुपारी २ वाजता: सावलीत ३९, दुहेरी छपराखाली पिंजऱ्यात ३६, मधल्या कुंडीत ३०. तीस म्हणजे अजून जास्तच. त्यामुळे साडेबारा ते पाच दोघं बाथरूममध्येच असतात, पायपोसावर. संध्याकाळी फरशी मीच धुते. दमा अजून उसळलेला नाही. सकाळी आणि पाचनंतर कुंड्या. कामाला जायच्या दिवशी शेजारच्या काकू साडेबाराला येऊन दोघांना आत घेतात. त्यांना मी लाळ कशी दिसते ते नीट समजावून सांगितलं आहे.

मिरीच्या लेंड्या परत मोठ्या आणि गोल झाल्या आहेत. औषध परवा संपलं.

दुसऱ्या छपरासाठी फळ्या हव्या होत्या. झोपायची पेटी मी मोडली, त्याच फळ्या वर घातल्या.